कोणत्या डोळ्याकडे बघायचं?

हे घाईत वाचू नका. मध्ये मध्ये थांबायला सांगेन, तिथे खरोखर थांबा.

आधी उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर हातभर अंतरावर धरा. नखाकडे बघा. आता अंगठा हळूहळू नाकाकडे आणत जा, नजर नखावरच राहू द्या. एका ठिकाणी डोळ्यांत ओढ जाणवेल, आणि आणखी जवळ आणलं की एका अंगठ्याचे दोन दिसतील. तिथे थांबा. हात खाली घ्या, डोळे मिटा आणि ती ओढ ओसरेपर्यंत तिच्याकडेच लक्ष द्या.

ही ओढ स्नायूंची. प्रत्येक डोळ्याच्या गोलाला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात, दोन्ही मिळून बारा. नाकाकडचा आत ओढतो, कानाकडचा बाहेर, वरचा वर, खालचा खाली. आणि उरलेले दोन तिरकस स्नायू डोळ्याला किंचित पीळ देतात. मेंदूच्या खालच्या भागातून निघणाऱ्या नसा त्यांना हुकूम देतात. आज सकाळपासून तुम्ही परातीतलं पीठ पाहिलं असेल, एसटीची पाटी वाचली असेल, सुईत दोरा ओवला असेल. दर वेळी या बाराही स्नायूंनी आपापला वाटा उचलून दोन डोळे एकाच जागी नेऊन ठेवले, आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.

हे तुम्हाला कुणी शिकवलं? नवजात बाळाचे डोळे भिरभिरतात, कधी एखादा आत वळतो, कधी बाहेर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते जुळू लागतात. जवळ येणाऱ्या, बोलणाऱ्या, पाजणाऱ्या चेहऱ्याकडे बघत बघत मेंदू दोन चित्रांचं एक चित्र करायला शिकतो. तुमच्या बाबतीत तो चेहरा कुणाचा होता? त्या वयातलं काही आठवत नाही, हे खरं. पण तोच चेहरा तुम्ही पुढे कितीतरी वेळा पाहिला असेल. तो थोडा वेळ मनासमोर असू द्या.

आता एक मूल मनात आणा. ते कुणा एकाचं नाही, त्याला नाव देऊ नका. गिरणेच्या काठावरचं भडगाव, तिथलं एखादं घर. दिवाळी होऊन गेली आहे, कापसाची वेचणी चालू आहे, ओसरीवर कापूस पडला आहे. आईच्या मांडीवर तीन वर्षांचा मुलगा आहे. सातव्या महिन्यातच जन्मला, उशिरा रडला, बरेच दिवस काचेत ठेवावा लागला. मान उशिरा धरली. आधार दिला तर बसतो. पाय ताठ होतात. शब्द अजून एकही नाही. आणि उजवा डोळा नाकाकडे वळलेला.

त्याच्याकडे बघा. तुमची नजर आधी कुठे गेली? बहुतेकांची त्या वळलेल्या डोळ्यावर जाते, मग अवघडल्यासारखं होतं आणि आपण नजर काढून घेऊन आईशी बोलू लागतो. “जेवतो का? झटके येतात का? कुठे दाखवलं?” बोलणं मुलाच्या डोक्यावरून चालू राहतं. हे दुष्टपणाने होत नाही. समोरच्याच्या कोणत्या डोळ्याकडे बघायचं हे कळेनासं झालं की माणूस बघणंच टाळतो. याच प्रश्नापाशी आज थोडं बसायचं आहे, कारण या मुलाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करायची की नाही, याचं उत्तर मला त्या प्रश्नात सापडतं.

एरवीच्या मुलांमध्ये तिरळेपणा शंभरात दोन ते चार जणांना असतो. मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची मुलं घेतली तर हे प्रमाण जवळपास निम्म्यापर्यंत जातं. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्येही ते एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असतं. कारण समजून घ्यायला हवं, कारण पुष्कळ घरांत ते समजून न घेताच आईला दोष लागतो. ग्रहणात काही चिरलं होतं का, कुणाचं तोंड पाहिलं होतं का, असं तिला विचारलं जातं. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेने जाणारे तंतू फार नाजूक असतात. तिथे रक्तपुरवठा कमी पडला तर इजा होते. पायांकडे जाणारे तंतू याच भागातून जातात, आणि डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचवणारे तंतूही. म्हणून पायांचा ताठरपणा आणि नजरेची अडचण पुष्कळदा एकाच मुलात, एकाच इजेतून आलेली दिसते. डोळ्यांचे स्नायू बहुधा धडधाकटच असतात. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे बैलजोडीवरून समजेल: दोन्ही बैल तगडे, जू मजबूत, तरी औताचं तास वाकडं जातं, कारण कासरा धरणारा हात थरथरतो.

आई म्हणून हे वाचत असाल तर इथे थोडं थांबा. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हा डोळा वळलेला नाही. हे वाक्य मनात पूर्ण उतरेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग घरातली बोलणी ऐका. आजी म्हणते, “नशीबवान शे पोऱ्या.” तिरळा डोळा भाग्याचा, हा समज आपल्याकडे जुना आहे आणि त्यात माया आहे. शेजारी म्हणतात, मोठा झाला की आपोआप सरळ होईल. या दोन बोलण्यांना मी सरळ नाही म्हणेन. चौथ्या महिन्यानंतरही टिकून राहिलेला तिरळेपणा वाट बघून जाईल असं धरून चालायचं नसतं. कधी त्याच्यामागे मोतीबिंदू असतो, क्वचित डोळ्याच्या पडद्यावरची गाठ असते, आणि ती गाठ म्हणजे जिवावर बेतणारं दुखणं आहे. म्हणून डोळा वळलेला दिसला, किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसली, की डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. कापूस विकून पैसे हातात येईपर्यंतही थांबायचं नाही. दुसऱ्या बाजूने, नाकाचा उंचवटा रुंद असला तर सरळ डोळेही तिरळे भासतात. तेही तपासल्याशिवाय कळत नाही.

तिसरं बोलणं हळू आवाजात होतं. कधी घरातलं मोठं माणूस बोलतं, कधी शिकलेलं माणूसही बोलतं. “आधी चालू-बोलू तर दे त्याला. डोळे सरळ करून त्याला काय करायचंय?”

हे वाक्य सोडून पुढे जाऊ नका. ते मनात पुन्हा एकदा म्हणा आणि आत काय होतं ते बघा. ते व्यवहाराचं वाटतं. पैसा थोडा, मजुरी बुडणार, भुलीची भीती, आणि मूल तर शाळेत जाणार की नाही हेही ठाऊक नाही. सरळ डोळे कशाला लागतात? लग्नाला, नोकरीला, चारचौघांत उभं राहायला. यातलं काहीच ज्याच्या वाट्याला येईल असं आपल्याला वाटत नाही, त्याच्या डोळ्यांवर खर्च का करायचा, असा हा हिशेब आहे. मला तो मान्य नाही. आणि तो मान्य नसण्याचं कारण केवळ दया हे नाही.

दुपारी त्या मुलाला पाणी हवं आहे. त्याला बोलता येत नाही. हात त्याच्या मनासारखा उचलला जात नाही. मान वळवायची तर सगळं अंग ताठ होतं. त्याच्याकडे काय उरतं? नजर. आईने एका हातात पाण्याचा पेला धरला, दुसऱ्या हातात चेंडू, आणि मुलाने पेल्याकडे पाहिलं, तर ते त्याचं वाक्य आहे. न बोलणाऱ्या मुलांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्ट पालकांना हेच शिकवतात: दोन वस्तू धरा, थांबा, तो कुठे बघतो ते बघा. पुढे चित्रांच्या पाट्या येतात, नजरेवर चालणारे संगणकही आता आहेत. या सगळ्याचा पाया एकच, की समोरच्याला कळलं पाहिजे हे मूल कुठे बघतंय.

आता त्याचा डावा डोळा पेल्यावर आहे आणि उजवा भलतीकडे. आई उजव्या डोळ्याकडे बघते आणि चेंडू पुढे करते. तो रडतो. “काही कळत नाही याला,” असं घरात कुणीतरी म्हणतं.

ज्याला बोलता येतं त्याचा तिरळा डोळा लोक काही दिवसांनी विसरतात, कारण शब्द सगळं वाहून नेतात. ज्याला शब्द नाहीत, त्याच्या तिरळ्या डोळ्यामुळे त्याचं बोलणंच पुसट होतं. म्हणून “त्याला काय करायचंय” या प्रश्नाचं उत्तर मला उलट दिशेने दिसतं: चारचौघांपेक्षा त्याला सरळ डोळ्यांचं काम जास्त आहे. शिवाय डोळा आत वळलेला असतो तेव्हा त्या बाजूचा दिसणारा टापू आखडतो. डोळा जागेवर आला की तो पसरतो. खुर्चीत बसून राहणाऱ्या, मान फिरवता न येणाऱ्या मुलाला कडेने येणारी बहीण थोडी आधी दिसली, तर त्याच्या दिवसात केवढा फरक पडेल याचा विचार करा.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघता येते. मूल शांत, पोट भरलेलं असताना त्याला नीट टेकू देऊन बसवा. मान सावरलेली असली की डोळे जास्त चांगलं काम करतात. बॅटरीचा मंद प्रकाश हातभर अंतरावरून दाखवा. ज्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका बाहुलीच्या मध्यावर दिसेल, तो डोळा बहुधा तुमच्याकडे बघतोय. हर्शबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. डॉक्टरही ठिपका मध्यापासून किती सरकला यावरून तिरळेपणाचा अंदाज घेतात. एक मिलिमीटर सरकला तर साधारण सात अंश. हे तपासणीच्या बदल्यात नाही. पण कोणत्या डोळ्याकडे बघून बोलायचं, हे घरातल्या प्रत्येकाला आजपासून कळेल.

आता आणखी थोडं अवघड. पुष्कळदा या मुलांचे डोळे निरोगी असतात आणि तरी त्यांना नीट दिसत नाही, कारण डोळ्यांनी आणलेलं चित्र मेंदू पुरतं वाचू शकत नाही. असं मूल पेल्याकडे बघतं, मग नजर बाजूला वळवतं आणि न बघता हात पुढे करतं. आपल्याला वाटतं, लक्ष नाही. खरं तर बघणं आणि हात हलवणं ही दोन कामं एकाच वेळी करणं त्याला जड जातं, म्हणून तो ती एकामागून एक करतो. गर्दीत, आवाजात त्याचं दिसणं आणखी मंदावतं. भडक लाल किंवा पिवळी वस्तू, आणि तीही हलणारी, त्याला लवकर सापडते. काही मुलांना खालच्या बाजूचं दिसत नाही, ती उंबऱ्याला अडखळतात. वस्तू दाखवल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? बहुतेक मोठी माणसं दोन-तीन सेकंदांत उत्तर मागतात. उद्या एकदा मनात सावकाश दहापर्यंत मोजून बघा. काही मुलांचं उत्तर सातव्या-आठव्या आकड्याला येतं, तोवर आपण वस्तू काढून घेतलेली असते.

स्नायू हलवून मेंदूतली ही अडचण दूर होत नाही. हे आधीच कळलेलं बरं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी तपासणी येते, आणि ती संयमाने व्हावी लागते. मुलाला अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून नजर मोजता येत नाही, असं नाही. पट्ट्यापट्ट्यांचा फलक आणि कोरा फलक एकत्र दाखवतात. मुलाची नजर पट्ट्यांकडे गेली तर त्याला ते दिसतंय, मग आणखी बारीक पट्टे घेतात. थेंब किंवा मलम घालून बाहुली मोठी करतात, डोळ्यात प्रकाश टाकून चश्म्याचा नंबर काढतात, त्यासाठी मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. पुष्कळ मुलांना दूरदृष्टीचा मोठा नंबर असतो आणि नुसत्या चश्म्यानेच डोळा बराचसा जागेवर येतो. मग कापाकापीची गरजच उरत नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांना जवळचं बघायला डोळ्याचा जोर कमी पडतो, त्यांना दोन भागांचा चश्मा कामी येतो. चश्मा ओढून फेकणारं मूल हट्टी आहे असं समजू नका. कानामागे टोचत असेल, नाकावरून घसरत असेल. मागून इलास्टिकचा पट्टा लावून घ्या, आणि सुरुवातीला त्याच्या आवडीच्या गाण्यापुरता घाला.

मग आळशी डोळा. वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू दाबून टाकतो, नाहीतर एकाचे दोन दिसत राहतील. लहानपणी हे दाबणं चालू राहिलं तर त्या डोळ्याचं बघणंच विझत जातं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं, आणि त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावतात. ज्याला कमीच समजतं असं आपण धरून चाललोय, त्या मुलाचा चांगला डोळा झाकला की तो घाबरतो, ओरडतो. त्याचं जग कुणीतरी काढून घेतलेलं असतं. पट्टी लावलेला वेळ त्याच्याजवळ बसून, बोलत, हात धरून काढावा लागतो. पट्टी अजिबात चालत नसेल तर काही मुलांना चांगल्या डोळ्यात थेंब घालून तो धूसर करण्याचा मार्ग असतो. ते डॉक्टरांशी बोलून.

इतकं करूनही डोळा वळलेलाच राहिला, तर शस्त्रक्रिया.

बर्लिनमध्ये २६ ऑक्टोबर १८३९ या दिवशी योहान डिफेनबाख या शल्यवैद्याने सात वर्षांच्या एका मुलाचा आत वळलेला डोळा नाकाकडचा स्नायू कापून सरळ केला. तिरळेपणाची यशस्वी झालेली पहिली शस्त्रक्रिया म्हणून तिचं नाव घेतात. ईथरची भूल जगजाहीर व्हायला तेव्हा आणखी सात वर्षं होती. ते मूल जागं होतं. त्या मुलाचा विचार क्षणभर करा, आणि मग भुलीची भीती वाटणाऱ्या आईच्या शेजारी येऊन बसा. तिची भीती खोटी नाही, पण भूल ही या कामातली दया आहे.

आज काय करतात? डोळा बाहेर काढत नाहीत. हा गैरसमज गावोगावी आहे आणि त्यापायी कितीतरी मुलं दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थोडा उघडतात. स्नायू गोलाला जिथे चिकटलेला असतो तिथून सोडवतात आणि काही मिलिमीटर मागे नेऊन टाके घालतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. किंवा समोरच्या बाजूचा स्नायू थोडा आखूड करून त्याची ओढ वाढवतात. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. तिथून तीन मिलिमीटर मागे न्यायचा की साडेपाच, हे तिरळेपणा किती आहे त्यावर ठरतं. डोळ्याची पांढरी भिंत स्नायूंच्या जागेजवळ सगळ्यात पातळ असते, सुमारे ०.३ मिलिमीटर. सुई त्या भिंतीच्या जाडीतूनच जाते, आत उतरू द्यायची नसते. टाके आपोआप विरघळतात. बुबुळाला आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला हात लागत नाही.

या शस्त्रक्रियेतला एक क्षण मला फार विचारात पाडतो. डोळ्याचा स्नायू ओढला की हृदयाची गती मंदावते, कधी बरीच मंदावते. १९०८ मध्ये व्हिएन्नाचे अ‍ॅश्नर आणि बोलोन्याचे डॅग्निनी यांनी डोळ्याचा आणि हृदयाचा हा दुवा वेगवेगळा नोंदवला. डोळ्याकडून निघालेली एक नस मेंदूत जाते, तिथून दुसरी नस हृदयाकडे उतरते. भूलतज्ज्ञ पडद्यावरचे ठोके बघत असतात. ते मंदावले की शल्यविशारदाला सांगतात, तो स्नायू सैल सोडतो, ठोके पूर्ववत होतात, मग काम पुढे चालतं. थांबा, पुढे, थांबा. तुमचा हात छातीवर ठेवा आणि स्वतःचे ठोके मोजा, दहा-बारा पुरेत. बाहेर बाकावर बसलेल्या आईला हे ठाऊक नसतं, पण आत कुणीतरी तिच्या मुलाचा ठोका न् ठोका मोजत असतं. म्हणून लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ जिथे आहेत, तिथेच ही शस्त्रक्रिया करावी, आणि हा प्रश्न पालकांनी न लाजता विचारावा. झटक्यांची औषधं त्या सकाळी द्यायची का, हेही त्यांनाच विचारायचं. उपाशी ठेवण्याचे तासही तेच सांगतील; दूध आणि हलकं खाणं साधारण सहा तास आधी बंद होतं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मूल सकाळी रडतंय म्हणून आजीने मायेने बिस्कीट चारलं, तर तो दिवस वाया जातो आणि भुलीत ते जिवावर बेतू शकतं. आजीला आदल्या रात्रीच नीट समजावून सांगा.

आता अपेक्षेकडे या. मनात जे मागणं आहे ते स्पष्ट शब्दांत म्हणा. डोळे सरळ झाले की तो बोलेल? चालेल? हुशार होईल? असं मागणं असेल तर त्याला लपवू नका, समोर ठेवा. ही शस्त्रक्रिया यातलं काही देत नाही. चश्मा सुटेल असंही नाही. आणि मनासारखा सरळपणाही हमखास मिळत नाही. या मुलांच्या डोळ्यांचं वळण दिवसागणिक बदलतं. थकल्यावर वेगळं, तापात वेगळं, झटक्यांचं औषध बदललं की वेगळं. एरवीच्या मुलांसाठी ठरलेलं मिलिमीटरचं माप यांना कधी जास्त होतं, आणि आत वळलेला डोळा काही महिन्यांनी बाहेर जाऊ लागतो. म्हणून काही शल्यविशारद माप जरा राखून धरतात. वळण स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजतात. ज्या मुलाचा डोळा सकाळी आत आणि दुपारी बाहेर असतो, त्याला हात लावायची घाई करत नाहीत. डॉक्टर “सहा महिने थांबू” म्हणाले तर त्यांनी मुलाला सोडून दिलं असं समजू नका. पण “अशा मुलांना करून काय उपयोग” असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. या दोन्ही उत्तरांनी मूल शस्त्रक्रियेविनाच घरी येतं, आणि त्यांतला फरक ओळखणं पालकांच्याच हातात असतं. कुणाला एकदा करून भागत नाही, दुसऱ्यांदा करावी लागते. तेही आधी बोलून ठेवावं.

पैशाचं आणि वाटेचं थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाली. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात, आणि विकासात मागे पडलेली मुलं जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीत न येणारं मूल मात्र या तपासणीतून निसटतं, आणि आपलं मूल पुष्कळदा तेच असतं. तेव्हा पथकाचा दिवस सेविकाताईंना विचारून ठेवा आणि मुलाला कडेवर घेऊन जा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी विचारावं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, तिचं संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. मोठ्या तपासणीसाठी धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही भडगावहून एसटीने जाता येण्यासारखी ठिकाणं आहेत. चौकशी तिथून सुरू करता येते.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. डोळे लालभडक आहेत, पापण्या सुजल्या आहेत. एक-दोनदा ओकारी होते. या शस्त्रक्रियेनंतर ते नेहमीचं आहे. बहुधा पट्टी नसते. मुलाला काय झालं हे कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नाही, तो चिडलेला आहे, हात डोळ्याकडे जातोय. या वेळी त्याला ओळखीचा आवाज लागतो. लाली दोन-तीन आठवड्यांत उतरते. तोवर थेंब वेळेवर, डोळ्यात आंघोळीचं पाणी नाही, आणि अंगणातली धूळ, कापसाचं तूस यांपासून दूर. दुखणं वाढलं, चिकट पू आला, बुबुळ धूसर दिसलं तर त्याच दिवशी फोन.

त्या दिवसांत नातेवाईक बघायला येतील आणि डोळे सरळ झाले का, हेच बघतील. तुम्ही दुसरं काहीतरी बघा. लाली उतरल्यावर, तो शांत असताना, पुन्हा पेला आणि चेंडू घेऊन बसा. त्याच अंतरावर, मागे साधी रिकामी भिंत, रेडिओ-टीव्ही बंद. दहापर्यंत मोजा. आता दोन्ही डोळे पेल्याकडे जातात का? पूर्वीपेक्षा लवकर? उजव्या बाजूने येणाऱ्या बहिणीकडे तो आता कधी बघतो? एक वही करा आणि तारीख घालून लिहा. थकल्यावर डोळा कुठे जातो, चश्मा किती वेळ राहतो, कोणत्या बाजूला धरलं की लवकर सापडतं. लिहिता येत नसेल तर मोठ्या बहिणीकडून लिहून घ्या, तिलाही भावाची नजर वाचता येऊ लागेल.

सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टर वळण पुन्हा मोजतात. त्या भेटीला वही न्या. त्याआधी दोन वस्तूंमधली निवड पक्की झाली असेल तर तिसरी वस्तू ठेवून बघा: पेला, चेंडू आणि दादांची टोपी. टोपीकडे बघून तो बाहेर जायचं मागत असेल, तर टोपी घाला आणि त्याला अंगणात न्या. आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मोजणीच्या आकड्यांत ते त्यांना दिसणार नाही.